इंगुदीचे तेल : स्मृतिलेखाची कसोटी

आमच्या समाजात चालणाऱ्या लहानमोठ्या मासिकांत एक पान असे असते की ज्यावर टीकाकाराची लेखणी कधी फिरत नाही. ते पान दिवंगतांचे. कादंबरीचे परीक्षण होते, नाटकाचे होते, कीर्तनातील आख्यान कसे रंगले याचीही चर्चा होते. परंतु स्मृतिलेख कसा उतरला आहे हे कोणी विचारीत नाही. त्याचे कारण उघड आहे. घरात दुःख असताना भाषेची चिकित्सा करणे शिष्टाचारास धरून होत नाही. हा संकोच आम्हांस मान्य आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला आहे की, आपल्याकडे सर्वांत अधिक लिहिला जाणारा आणि सर्वांत अधिक मनापासून वाचला जाणारा हा लेखनप्रकार टीकेवाचून वाढला, आणि टीकेवाचून वाढणाऱ्या सर्व गोष्टींप्रमाणे तो साचेबंद झाला.

साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. गेलेला गृहस्थ प्रेमळ होता, कलासक्त होता, मुक्या प्राण्यांवर त्याची दया होती आणि तो कुटुंबवत्सल होता. मराठीत ‘प्रेमळ’ आणि कोंकणीत ‘मोगाळ’ हा शब्द पहिल्या ओळीत येतोच. ही विशेषणे खोटी असतात असे आमचे म्हणणे नाही. बहुधा ती खरीच असतात. पण लेखावरचे नाव झाकले तर तो लेख गावातील कोणत्याही सज्जनाचा होऊ शकतो. दहा वर्षांनी नातवाने तो वाचला तर आपले आजोबा चांगले होते एवढे त्यास कळते. ते कोण होते हे कळत नाही. ज्या लेखाने माणूस राखावयाचा त्याच लेखात तो हरवतो, ही हानी लहान नाही. म्हणून चांगल्या स्मृतिलेखाची कसोटी कोणती, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत, आणि ती कसोटी उज्जैन येथील एका मराठी चित्रकाराच्या स्मरणास लावून पाहणार आहोत.

कसोटी आम्हांस नवी शोधावी लागत नाही. ज्या कवीचे मन उज्जयिनीत एवढे गुंतले होते की त्याने मेघालाही वाट वाकडी करून त्या नगरीत जावयास आणि महाकालाच्या सायंपूजेपर्यंत थांबावयास सांगितले, त्या कालिदासानेच ती घालून दिली आहे. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात शकुंतला आश्रम सोडून निघते तेव्हा कोणीतरी मागून तिचे वस्त्र ओढतो. तो एक हरिणपाडस असतो. शकुंतला प्राण्यांवर प्रेम करीत होती असे कण्व म्हणत नाहीत. दर्भाच्या टोकांनी ज्याचे तोंड टोचले गेले असता तू इंगुदीचे तेल लावून ज्याची जखम बरी केलीस, श्यामाकाच्या मुठी भरवून ज्याला वाढविलेस, तोच हा तुझा मानलेला पुत्र तुझी वाट सोडीत नाही, अशा आशयाचे ते बोलतात. इंगुदीचे तेल आणि श्यामाकाची मूठ, एवढ्या दोन वस्तूंनी शकुंतलेची सारी माया आपल्यापुढे उभी राहते.

याच नाटकाच्या पाचव्या अंकात कवी आणखी पुढे जातो. अंगठी हरवलेली असते आणि राजा ओळख विसरलेला असतो. आपली ओळख पटविण्यासाठी शकुंतला दरबारात काय सांगते? राजाच्या हातचे पाणी एक हरिणबाळ प्यायले नाही, ते तिच्या हातचे प्यायले, ही इवलीशी गोष्ट सांगते. राजाचा विश्वास बसत नाही, ही तिची दुर्दैवी कथा. पण स्मरणाचा पुरावा कशाचा असतो हे कालिदासाने नेमके दाखविले आहे. तो पुरावा एका दिवसाचा, एका द्रोणातील पाण्याचा असतो. गुणवर्णनाने ओळख पटत नाही.

महाभारतातही हेच दिसेल. महाप्रस्थानिक पर्वात इंद्राचा रथ समोर उभा असताना, सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिर नकार देतो. त्याला भूतदया होती असे व्यासांना सांगावे लागत नाही; तो रथात चढत नाही, एवढे पुरते. आणि तोच युधिष्ठिर द्यूतात सर्वस्व हरला होता, अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी अर्धसत्य बोलला होता, हेही त्याच ग्रंथात ठेवलेले आहे. त्याची दया खरी वाटते ती या साऱ्यांच्या शेजारी ती उभी आहे म्हणून.

आधुनिक मराठीत या बाबतीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची बरोबरी करणारे पुस्तक क्वचित सापडेल. ती १९३४ पासून प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळक हे फुलांमुलांचे कवी, कोमल मनाचे. पण त्यांच्या पत्नीने त्यांचे स्मरण लिहिले ते त्यांचा संताप, त्यांचा विसरभोळेपणा, हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होण्याचा त्यांचा स्वभाव आणि त्यापायी घरात झालेली ओढाताण, हे सारे हसत हसत सांगून. वाचक पुस्तक मिटतो तेव्हा टिळकांवर त्याचे प्रेम जडलेले असते. विशेषणांनी ते जडले नसते.

आता उज्जैनकडे वळू. या नगरीशी आपला संबंध केवळ यात्रेचा नाही. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखटणकर, ज्यांना इतिहास रामचंद्रबाबा शेणवी म्हणून ओळखतो, त्यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. शिंद्यांच्या राज्यासोबत माळव्यात गेलेली मराठी कुटुंबे तेथेच रुजली, त्यांच्या घरात मराठी राहिली आणि अंगणात माळवी आली. अशाच माळव्यातील एका मराठी कुटुंबात, नीमच येथे, ४ मे १९१९ रोजी विष्णु श्रीधर वाकणकर यांचा जन्म झाला. परिचित त्यांना हरिभाऊ म्हणत. ते चित्रकार होते, पुराणवस्तूंचे संशोधक होते, आणि उज्जैन ही त्यांची कर्मभूमी होती. तेथे त्यांनी भारती कला भवन ही चित्रकलेची संस्था चालविली. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८८ साली सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या घटकेपर्यंत त्यांच्या हाती चित्रवही होती असे सांगतात.

त्यांच्याविषयी आजवर जे स्मरणपर लेखन झाले, त्याचा बराचसा भाग एकाच प्रसंगाभोवती फिरतो. १९५७ साल, गाडी भोपाळकडे चाललेली, खिडकीतून विंध्याच्या डोंगरातील विलक्षण आकाराचे खडक दिसतात, वाकणकर त्या दिशेने जातात, आणि भीमबेटकाच्या चित्रांकित गुहा जगापुढे येतात. प्रसंग मनोहर आहे आणि त्याचा गाभा खराही आहे. पण स्मृतिलेखाच्या दृष्टीने तो पुरेसा नाही. एक तर ती जागा कोणासच ठाऊक नव्हती असे नाही. आसपासचे आदिवासी ती जाणत होते, आणि त्यांच्याकडून मिळालेल्या माहितीवरून १८८८ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने तिचा उल्लेख बौद्ध स्थान म्हणून केला होता. भीमाची बैठक या अर्थाचे तिचे नावच सांगते की लोकांनी तिला पांडवांच्या कथेत कधीच जागा दिली होती. वाकणकरांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. ते अधिक नेमके होते. इतरांनी खडक पाहिले, त्यांनी खडकावरची चित्रे पाहिली, आणि ती काय आहेत हे ओळखले.

दुसरे असे की, गाडीच्या खिडकीतला तो क्षण काही पळांचा. त्यानंतरची तीस वर्षे मात्र कथेतून गळून जातात. आपल्या स्मरणलेखांचा हा ठरलेला दोष आहे. आपल्याला साक्षात्कार आवडतो, परिश्रम आवडत नाहीत. एखादी पालखी उठताना जो जयजयकार होतो तो सर्वांच्या ध्यानात राहतो. वाटेत खांदा कोणी कोणी दिला हे कोणी लिहून ठेवीत नाही.

तिसरा दोष वाटणीचा. वाकणकरांचे जीवन अनेक पैलूंचे असल्यामुळे प्रत्येकाने आपल्या सोयीचा तुकडा उचलला आहे. कोणी त्यांना केवळ भीमबेटकाचे शोधक म्हणतात. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी त्यांचा दीर्घ संबंध होता, आणि १९८५ च्या सुमारास लुप्त सरस्वतीच्या प्रवाहाचा माग काढण्यासाठी जी यात्रा निघाली तिचे ते नेते होते. म्हणून कोणी त्यांना तेवढ्यापुरतेच स्मरतात, आणि कोणी तेवढ्याच कारणासाठी त्यांना स्मरणातून वगळतात. स्तुती करणारे आणि टाळणारे, दोघेही एकाच चुकीचे भागीदार आहेत. माणूस मूळचा कोण होता, रोज सकाळी उठून तो हाताने काय करीत होता, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत.

त्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तो चित्र काढीत होता. आणि त्यातही दुसऱ्याचे चित्र उतरवून घेत होता. हजारो वर्षांपूर्वी अज्ञात हातांनी खडकावर रेखाटलेल्या आकृतींच्या प्रतिकृती कागदावर करणे, हे त्यांच्या आयुष्याचे मुख्य काम होय. हे काम कसे असते याची कल्पना वाचकांस असावी म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

शैलाश्रयातील चित्र भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखे समोर नसते. खडक खडबडीत, वळणाचा, पुष्कळदा डोक्यावर छतासारखा आलेला. गेरूसारख्या लोहयुक्त दगडाचा तांबडा आणि पांढऱ्या मातीचा पांढरा, हे मुख्य रंग. कोठे हिरवा आणि पिवळाही. एका चित्रावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे. भीमबेटकात ज्या खडकाला ‘झू रॉक’ म्हणजे प्राणिसंग्रहालयाचा खडक असे नाव पडले आहे, त्यावर हत्ती, सांबर, गवे, हरणे एकमेकांच्या अंगावरून गेलेली आहेत. त्या काळच्या साध्या छायाचित्रात हे थर वेगळे होत नसत. कोणती रेषा खाली आणि कोणती वर, हे डोळ्यांनी निरखून, हाताने एकेक रेषा काढूनच ठरवावे लागे. आणि कोणते चित्र आधीचे व कोणते नंतरचे, याचा निर्णय पुष्कळसा याच निरीक्षणावर उभा असे. म्हणजे येथे चित्रकाराचा हात हेच संशोधकाचे साधन होते.

या कामात एक मोह असतो. कलाशाळेत शिकलेल्या हाताला चुकलेली रेषा सुधारावीशी वाटते. हरणाचा पाय आखूड दिसला तर तो नकळत लांब होतो, पाठीची वक्रता अधिक डौलदार होते. जो प्रतिकृती करतो त्याला आपली विद्या बाजूस ठेवून, ज्याचे नावही ठाऊक नाही अशा कलावंताचे शिष्यत्व पत्करावे लागते. दया, प्रेम, नम्रता हे शब्द स्मृतिलेखांत फार स्वस्त झाले आहेत. पण रेषा सुधारण्याचा मोह आवरणे, ही नम्रता तपासून पाहता येते. कागद आणि खडक शेजारी ठेवले की ती दिसते किंवा दिसत नाही.

प्राण्यांविषयीच्या प्रेमाचाही विचार येथेच करता येईल. भीमबेटकाच्या आणि मध्य भारतातील इतर शैलाश्रयांच्या चित्रांत प्राणी माणसांहून अधिक जिव्हाळ्याने आले आहेत. माणूस पुष्कळदा चार काड्यांचा. हरिण मात्र कान टवकारलेले, मान वळविलेले. काही चित्रांत प्राण्याच्या शरीराच्या आतील भाग दाखविले आहेत, आणि गाभण मादीच्या पोटातील पिल्लूही रेखाटले आहे. एका खडकावर अंगाने रानडुकरासारखा पण शिंगे असलेला अजस्र प्राणी एका चिमुकल्या माणसाच्या पाठीस लागला आहे. ही चित्रे काढणारे शिकारी होते. ज्याने पोटातील पिल्लू रेखाटले त्याने ते शिकार फाडताना पाहिले असले पाहिजे. त्यांना प्राणिप्रेमी म्हणावे काय? आजच्या अर्थाने म्हणता येणार नाही. पण त्यांनी प्राण्याकडे जितके लक्ष दिले तितके आपण, गोग्रास घालणारे आणि कपिलाषष्ठीचा योग पाहणारे, देतो काय, हा प्रश्न त्या खडकापुढे मनात आल्यावाचून राहत नाही. त्या लक्ष देण्यात भीती होती, भूक होती, आणि काहीतरी आदरही होता.

वाकणकरांनी असे प्राणी वर्षानुवर्षे, एकेका शिंगाचे वळण जसेच्या तसे, कागदावर आणले. उज्जैनजवळच्या कायथा येथे, जे वराहमिहिराचे कपित्थक मानले जाते, त्यांनी १९६४ साली प्राचीन वसाहतीचा शोध लावला आणि पुढे तेथे उत्खनन केले. त्या जागी मातीचे लहान लहान बैल सापडले आहेत, चार हजार वर्षांपूर्वीच्या हातांनी घडविलेले. खडकावरचे हरिण असो वा मातीतला बैल असो, कोणा अनामिकाने एका मुक्या जिवाकडे निरखून पाहिले होते, आणि ते पाहणे वाया जाऊ नये म्हणून हा गृहस्थ उन्हात उभा राहिला. प्राणिमात्रांविषयीची आस्था ती हीच, असे आम्ही समजतो. हे त्यांचे इंगुदीचे तेल.

कुटुंबवत्सलतेविषयी बोलावयाचे तर घरातील माणूस लिहिणे हा अधिकार घरच्यांचा. पण कुटुंब उंबऱ्याशी संपत नाही. भारती कला भवनात शिकलेले विद्यार्थी त्यांच्यासोबत डोंगरांतून हिंडले. सचिदा नागदेव यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले चित्रकार त्यांच्या हाताखाली तयार झाले. गुरूने शिष्यास आपल्या शैलीची नक्कल करावयास लावणे सोपे असते. आपल्याहून सहस्र पिढ्या जुन्या कलावंतासमोर नेऊन उभे करणे आणि स्वतः त्याच्या शेजारी विद्यार्थी म्हणून बसणे, यात मोठेपणा आहे.

इतके सांगितल्यावर, ज्या कसोटीचा आम्ही पुरस्कार केला तिला जागून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भीमबेटकातील हिरव्या रंगाच्या काही नृत्याकृती वाकणकरांनी फार प्राचीन, उत्तर पुराश्मयुगातील मानल्या. त्याच ठिकाणी अनेक वर्षे काम केलेल्या इतर अभ्यासकांना हे पटले नाही. त्यांच्या मते तेथील जुन्यांत जुनी चित्रे मध्याश्मयुगातील आहेत. वाद अजून मिटलेला नाही. शैलीवरून काळ ठरविण्याच्या पद्धतीत कर्त्याच्या डोळ्यावर फार भार पडतो, आणि वाकणकरांचा डोळा चित्रकाराचा होता. तो झटकन ओळखी आणि ओळखले की त्यावर विसंबे. जे त्यांचे बळ तेच काही ठिकाणी त्यांचे उणेपण ठरले असावे असे आम्हांस वाटते. गौरवलेखांत हा वाद बहुधा येतच नाही. तो आल्याने वाकणकर लहान होतील अशी भीती बाळगणाऱ्यांनी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावीत. ज्याच्या मताशी भांडता येते तो माणूस जिवंत राहतो.

आणि येथे केवळ एका व्यक्तीच्या कीर्तीचा प्रश्न नाही. खडकावरची चित्रे ऊन, पाऊस, धूर, मधमाश्यांची पोळी आणि माणसांचे हात यांनी फिकी होत जातात. २००३ साली भीमबेटका जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यामुळे संरक्षण वाढले. तरी काळाचा हात थांबत नाही. ज्या रेषा १९५७ नंतरच्या काळात स्पष्ट होत्या त्यांतील काही आज नुसत्या डोळ्यांना दिसणे कठीण झाले असेल, तर तेव्हाच्या प्रतिकृती हाच त्यांचा साक्षीदार. उलट आज संगणकाची अशी साधने आली आहेत की छायाचित्रातील विटलेला रंग पुन्हा उठून दिसतो. जॉन हार्मन यांची ‘डीस्ट्रेच’ ही पद्धत २००५ पासून जगभर शैलचित्रांसाठी वापरली जात आहे. म्हणजे वाकणकरांची प्रतिकृती आणि मूळ चित्र यांची तुलना करण्याची सोय आज आहे तेवढी पूर्वी कधीच नव्हती. त्यांचा हात कोठे अचूक होता, कोठे मोह पडला, हे आज शांतपणे पाहता येईल.

२०१९ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली. उज्जैनात त्यांच्या नावाची शोधसंस्था आहे, मध्य प्रदेश शासनाचा त्यांच्या नावाचा पुरस्कार आहे. नाव राहील यात शंका नाही. आमची मागणी निराळी आहे. त्यांच्या प्रतिकृतींची सविस्तर सूची व्हावी, प्रत्येकीवर स्थळ आणि साल असावे, आणि रेखाटनाची कला म्हणून त्यांचे परीक्षण व्हावे. रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९७६ साली इंग्रजीत निघाला. मराठीत, म्हणजे त्यांच्या घरच्या भाषेत, त्यांच्या रेषेविषयी विचार करणारे एखादे पुस्तक निघणे हे त्यांचे खरे श्राद्ध होईल. श्राद्धात नाव आणि गोत्र उच्चारावे लागते; नुसते ‘सज्जन’ म्हणून पिंड दिला जात नाही.

वाकणकर मोठे होते, त्यांच्यासाठी संस्था आहेत. आपल्या घरोघरच्या माणसांसाठी मात्र आपणच आहोत. तेव्हा आमच्या वाचकांपैकी ज्यांच्यावर पुढे असा लेख लिहिण्याची वेळ येईल, त्यांना एवढेच सांगणे आहे. वडील कलासक्त होते असे लिहू नका. चवथीची माटोळी ते कोणत्या क्रमाने बांधीत, मखरासाठी कागद कसा कातरीत, ते लिहा. त्यांना प्राणी आवडत असे लिहू नका. गोठ्यातल्या कोणत्या गायीला कोणत्या नावाने हाक मारीत आणि ती आजारी पडली तेव्हा त्यांनी काय केले, ते लिहा. कुटुंबवत्सल होते असे लिहू नका; रागावले कधी आणि मग समजूत कशी काढली, ते लिहा. त्यांच्या हातचे एखादे चित्र, एखादे पत्र उरले असेल तर त्यावर तारीख घालून ते जपून ठेवा. अशा लेखात विशेषण एकही नसले तरी चालेल. वाचणारा ती आपली आपण पुरवील, आणि ती त्याच माणसाची असतील.